दोन कंपन्या एक झाल्या, वैमानिकाचा नंबर कितवा?

घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी विमान उडवील, ही कल्पना आता आपल्या बेटावरील मराठी घरांना परकी राहिलेली नाही. एच.एस.सी.ला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेली मुले प्रशिक्षण संस्थांची माहितीपत्रके घरी आणतात, वडील बँकेत विचारपूस करतात, आजोबा आपल्या तुकडाभर जमिनीकडे पाहून मनाशी काही हिशोब मांडतात. खर्च मोठा असतो आणि तो पुष्कळदा साऱ्या कुटुंबाने मिळून उचललेला असतो. म्हणूनच ‘परवाना मिळाला की झाले’ एवढ्यावर विचार थांबवणे परवडणारे नाही. नोकरी कोणत्या कंपनीत मिळेल, ती कंपनी वीस-पंचवीस वर्षांनी कोणाची असेल, आणि त्या वेळी आपले पोर कोणत्या खुर्चीत बसलेले असेल, हेही पाहावे लागते.

आपली एअर मॉरिशस १९६७ साली स्थापन झाली आणि १९७२ साली एका छोट्या पायपर नवाहो विमानाने तिने रॉड्रिग्जची फेरी सुरू केली. आज तिच्याकडे एअरबसची लांब पल्ल्याची विमाने आहेत. पण ताफा जेमतेम डझनभराचा. एवढ्या विमानांत वैमानिकांच्या जागा किती निघणार? त्यातून एप्रिल २०२० मध्ये कंपनीवर प्रशासक नेमण्याची वेळ आली आणि त्यातून बाहेर पडायला २०२१ चा उत्तरार्ध उजाडला. अशा वेळी तरुणांची नजर साहजिकच बाहेर जाते: आखाताकडे, आफ्रिकेकडे आणि भारताकडे. भारतात तर विमानवाहतूक झपाट्याने वाढत आहे, आणि तेथे नुकतेच एक मोठे विलीनीकरण झाले आहे. त्या उदाहरणावरून हा विषय नीट समजेल असे आम्हांस वाटते.

एअर इंडिया आणि विस्तारा

जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूपर्यंत विमान आणले, हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. त्या रोपट्याची पुढे एअर इंडिया झाली. १९५३ साली ती सरकारजमा झाली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांच्या हाती आली. दरम्यान टाटांनी सिंगापूर एअरलाइन्सबरोबर विस्तारा ही दुसरी कंपनी काढली होती. तिचे पहिले उड्डाण ९ जानेवारी २०१५ रोजी झाले. एकाच घरात दोन चुली कशाला, असा विचार होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये विलीनीकरण जाहीर झाले आणि १२ नोव्हेंबर २०२४ पासून विस्तारा हे नाव आकाशातून नाहीसे झाले. नव्या एअर इंडियात सिंगापूर एअरलाइन्सचा वाटा २५.१ टक्के ठरला. त्याआधी, १ ऑक्टोबर २०२४ रोजी, पूर्वीची एअर एशिया इंडिया ही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये मिसळली होती. म्हणजे चार कंपन्यांच्या दोन झाल्या.

प्रवाशाच्या दृष्टीने फरक तिकिटावरच्या नावाचा आणि जेवणाच्या ताटाचा. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र सारा संसारच हलतो. मार्च-एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराच्या वैमानिकांपुढे नव्या पगाराचा करार आला. आधी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचा पगार हमीने मिळत असे. नव्या करारात हमी ४० तासांवर आली आणि त्यापुढचे प्रत्यक्ष उड्डाण होईल तसे. अनेक वैमानिक एकाएकी आजारी पडले. आजार कोणता होता ते सांगायला वैद्य नको! शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीने पुढे दररोजची २५ ते ३० उड्डाणे कमी केली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, एअर इंडियाच्या स्वतःच्या वैमानिकांनीही नव्या पगारपद्धतीविरुद्ध रतन टाटांकडे दाद मागितली होती. दोन्ही घरांत कुरकुर होती, पण कारणे निरनिराळी होती.

ज्येष्ठतेची यादी

पगारापेक्षाही खोलवर दुखणारी गोष्ट म्हणजे ज्येष्ठता. सरकारी शाळांतल्या शिक्षकांनाही ज्येष्ठतेची यादी असते, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु शिक्षकाची बदली एका शाळेतून दुसऱ्या शाळेत झाली तरी खाते तेच असल्यामुळे त्याची सेवा मोजली जाते. वैमानिकाचे तसे नाही. तो एक कंपनी सोडून दुसरीत गेला की ज्येष्ठता चालणाऱ्या बहुतेक कंपन्यांत त्याला शेपटापासून सुरुवात करावी लागते, मग त्याच्या नावावर दहा हजार तासांचे उड्डाण का असेना. सहवैमानिकाचा कप्तान कधी होणार, लहान विमानावरून मोठ्या विमानावर कधी जाणार, दिवाळीची रजा कोणाला मिळणार, कोणत्या शहरी घर करायचे आणि मंदी आली तर घरी आधी कोण जाणार, हे सारे अनेक कंपन्यांत या एका यादीवरून ठरते. जो शेवटी आला तो आधी बाहेर, असा साधारण रिवाज.

दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक यादी करावी लागते. ती कशी करायची, यावरच भांडण होते. शाळेच्या फळ्यावर मांडावे तसे एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

अ ही जुनी कंपनी आहे. तिच्यात ३०० वैमानिक. ब ही नवी कंपनी; तिच्यात १००. आपला मुलगा ब मध्ये ४० व्या क्रमांकावर आहे. अ मधले २५० वैमानिक त्याच्या आधीच नोकरीला लागलेले आहेत. आता ४०० जणांच्या नव्या यादीत त्याचा नंबर कितवा?

नोकरीला लागल्याची तारीख धरली, तर अ चे २५० आणि ब चे ३९ त्याच्या पुढे. त्याचा नंबर २९०. प्रमाण धरले, म्हणजे आपल्या यादीत जो शंभरातला चाळिसावा तो नव्या यादीतही तेवढ्याच उंचीवर, तर त्याचा नंबर १६०. आणि मोठ्या कंपनीने ‘आमचे सारे वर, तुमचे सारे खाली’ असे म्हटले, तर त्याचा नंबर ३४०. मुलगा तोच, त्याचे कौशल्य तेच, त्याचे तास तेवढेच. फक्त मोजण्याची रीत बदलली आणि १६० चे ३४० झाले. १६० नंबरचा माणूस कप्तान असू शकतो. ३४० नंबरचा सहवैमानिकाच्या खुर्चीत बसून वर्षे मोजतो.

पण गणित येथेच संपत नाही, आणि पुष्कळ लोक चुकतात ते येथेच. आपल्या पुढे किती माणसे आहेत याबरोबर ती किती वयाची आहेत हेही पाहायचे असते. आंतरराष्ट्रीय व्यापारी उड्डाणाला वैमानिकाची वयोमर्यादा ६५ आहे. समजा, अ मधले ते २५० जण पन्नाशी ओलांडलेले आहेत. पंधरा वर्षांत ते सगळे निवृत्त होतील आणि २९० नंबरवरचा आपला मुलगा आपोआप पहिल्या चाळिसांत येईल. उलट तो ब मध्येच राहिला असता आणि त्याच्या पुढचे ३९ जण त्याच्याच वयाचे असते, तर तो कदाचित आयुष्यभर त्यांच्या पाठीशीच उभा राहिला असता. तरुण कंपनीत पहिली दहा वर्षे बढती भराभर होते, कारण विमाने वाढत असतात. विमाने वाढायची थांबली की रांगही थांबते, कारण पुढचा कोणी निवृत्तच होत नाही. म्हणून जुन्या कंपनीशी झालेले लग्न आज कडू लागले तरी पंधरा वर्षांनी गोड होऊ शकते. आज आलेल्या नंबरावरून रडायचे की हसायचे ते ठरवू नये.

जुन्या जखमा

यादीचा प्रश्न नीट सुटला नाही तर काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

भारतातच २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. एक परदेशी जाणारी, दुसरी देशात फिरणारी. दोघींच्या वैमानिकांच्या संघटना वेगळ्या, पगाराच्या रीती वेगळ्या, बढतीचे वेगही वेगळे. कागदावर कंपनी एक झाली, पण वैमानिक दोनच राहिले. २०११ साली इंडियन एअरलाइन्सच्या बाजूच्या वैमानिकांनी समान पगारासाठी संप केला. मग न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती बसली. जानेवारी २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. त्याच वर्षी नव्या बोइंग ७८७ विमानाचे प्रशिक्षण दोन्ही बाजूंना द्यायचे की नाही, यावरून जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी मे ते जुलै असा ५८ दिवसांचा संप केला. शंभरएक वैमानिक बडतर्फ झाले. विलीनीकरणाला पाच वर्षे झाल्यावरही ‘आमचे’ आणि ‘तुमचे’ संपले नव्हते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. २००५ साली अमेरिका वेस्ट आणि यूएस एअरवेज एक झाल्या. यूएस एअरवेजचे पुष्कळ वैमानिक जुने, पण त्यांतील अनेकांना कंपनीने मंदीत घरी बसवले होते. अमेरिका वेस्टचे वैमानिक नवे, पण कामावर होते. २००७ साली लवादाने निर्णय दिला: मोठी विमाने उडवणाऱ्या यूएस एअरवेजच्या ज्येष्ठांना वरच्या जागा, बाकीच्यांना प्रमाणाने, आणि घरी बसलेल्यांना तळाशी. सतरा वर्षांची नोकरी झालेला माणूस काल-परवा लागलेल्याच्या शेजारी येऊन बसला. यूएस एअरवेजचे वैमानिक संख्येने अधिक होते. त्यांनी २००८ साली मतदान करून आपली संघटनाच बदलली आणि ती यादी अमलात येऊ दिली नाही. एकाच नावाच्या कंपनीत दोन गट वर्षानुवर्षे वेगळे उडत राहिले. २०१३ साली अमेरिकन एअरलाइन्सशी पुन्हा विलीनीकरण झाले आणि अखेर २०१६ साली नव्या लवादाने तिघांची मिळून यादी लावली. अकरा वर्षे! वैमानिकाच्या साऱ्या नोकरीचा तो तिसरा हिस्सा.

अमेरिकेने यातून एक धडा मात्र घेतला. २००१ साली अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या कितीतरी वैमानिकांना यादीच्या तळाशी टाकले गेले. पुढच्या मंदीत तेच बाहेर गेले. त्यावर २००७ च्या अखेरीस कायदा झाला की विलीनीकरणात ज्येष्ठतेची यादी न्याय्य रीतीने लावावी आणि जमले नाही तर लवादाकडे जावे. मुलगा ज्या देशात नोकरी करणार तेथे असा कायदा आहे काय, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

पारड्यात काय घालावे?

मग विलीन होणाऱ्या कंपनीत जावे की जाऊ नये? आम्ही दोन्ही पारडी भरून पाहतो.

एका पारड्यात वाढ आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एअरबस आणि बोइंग यांच्याकडे ४७० विमाने मागवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० एअरबस विमानांची भर जाहीर केली. लहान विमानाला साधारण दहा-बारा वैमानिक लागतात, लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाला त्याच्या दुपटीच्या आसपास. त्या हिशोबाने जागा हजारोंनी निघतात. वैमानिक कमी पडले की काय होते ते डिसेंबर २०२५ मध्ये भारतात दिसले: विश्रांतीचे नवे नियम लागू होताना इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. वैमानिकाला विश्रांती मिळणे हे प्रवाशाच्याही जिवाचे काम आहे, आणि त्यासाठी माणसे अधिक हवीत. शिवाय मोठ्या कंपनीत लहान विमानापासून न्यूयॉर्क-लंडनच्या विमानापर्यंत सारी शिडी एकाच छपराखाली असते.

दुसऱ्या पारड्यात धोके आहेत. मागवलेले विमान म्हणजे दारात आलेले विमान नव्हे; कारखान्यांतून विमाने उशिरा येत आहेत हे जगभरच्या कंपन्या सांगत आहेत. दोन कंपन्या एकाच मार्गावर उडत असतील तर विलीनीकरणानंतर काही फेऱ्या कमी होतात आणि त्याबरोबर खुर्च्याही. शिवाय विलीनीकरणाने कंपनी तगतेच असे नाही. किंगफिशरने एअर डेक्कन आपल्यात घेतली, पण ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची विमाने जमिनीवर आली. जेट एअरवेजने २००७ साली एअर सहारा विकत घेतली; १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचेच शेवटचे उड्डाण झाले आणि वैमानिकांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार अडकले. आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाला झालेल्या अपघातात विमानातील २४२ पैकी २४१ जण गेले. असे दुःख कंपनीच्या हिशोबवहीत बसत नाही. पण तेथे काम करणाऱ्या प्रत्येक वैमानिकाच्या मनावर ते ओझे राहते, हेही घरच्यांनी समजून घ्यावे.

आमच्या मते पारडे कंपनीच्या नावाने झुकत नाही, मुलाच्या वयाने झुकते. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा असेल तर त्याच्यापुढे चाळीस वर्षांचे आकाश आहे. पहिली पाच वर्षे ओढाताणीची गेली तरी मोठी, वाढणारी, वयस्क वैमानिक असलेली कंपनी त्याला शेवटी वर नेईल. पस्तिशीला आलेला, दोन मुले असलेला सहवैमानिक असेल तर त्याने आधी हमीचे तास, कप्तानपदाची बारी आणि घर कोठे करावे लागेल हे पाहावे. त्याला वाट पाहायला तेवढा वेळ नाही. आणि पन्नाशीच्या कप्तानाने आपला नंबर सोडून नव्या यादीच्या शेपटाला जाऊ नये, मग तिकडे पगार थोडा जास्त का असेना.

सही करण्यापूर्वी

आईबापांनी मुलाबरोबर बसून काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पगारातला हमीचा भाग किती, उड्डाणावर अवलंबून असलेला किती? प्रशिक्षणाच्या खर्चापोटी किती वर्षे बांधून घेणार आणि आधी सोडले तर किती भरायचे? राजीनाम्याची मुदत किती? भारतात २०१७ साली सहवैमानिकाला सहा महिने आणि कप्तानाला एक वर्ष अशी सूचना देण्याचा नियम काढण्यात आला; म्हणजे मन उडाले तरी माणूस लगेच उडू शकत नाही. कंपनी पुन्हा दुसऱ्या कंपनीत मिसळली तर ज्येष्ठता कशी धरणार, याबद्दल करारात एखादी ओळ आहे काय?

आपल्या मुलांसाठी आणखी एक. एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात तसाच चालत नाही. त्याला तेथील परीक्षा आणि मान्यता लागते. ओ.सी.आय. कार्ड हाती आहे म्हणजे भारताचे नागरिकत्व आहे असे नव्हे. परवाना कोठला घ्यावा आणि त्या देशात आपल्याला नोकरी करता येईल काय, हे प्रशिक्षणाचा पहिला रुपया भरण्यापूर्वी त्या देशाच्या विमानवाहतूक खात्याकडून लेखी समजून घ्यावे. संस्थेच्या माहितीपत्रकावर हसणारी मुले छापलेली असतात. नियम छापलेले नसतात. वैद्यकीय तपासणीही आधीच करून घ्यावी. डोळ्यांचा किंवा हृदयाचा दोष कर्ज काढल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. पुढेही ती तपासणी वर्षानुवर्षे सुटत नाही, आणि नोकरी लागल्यावर सहा-सहा महिन्यांनी सिम्युलेटरच्या परीक्षेला बसावे लागते. ज्याला अभ्यासाचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

आपले पूर्वज मुंबई बंदरातून जहाजावर चढले तेव्हा त्यांच्यापुढेही एक करार ठेवला गेला होता. बहुतेकांना तो वाचता येत नव्हता. अंगठा उठवला आणि पाच वर्षे उसाच्या मळ्यात बांधली गेली. त्यांच्या पतवंडांना वाचता येते. शाळेत आम्ही मुलांना अक्षर शिकवतो ते कशासाठी? समोर आलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, न समजलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारावे, आणि समाधान झाल्याशिवाय सही करू नये, यासाठीच. विमान कितीही उंच जावो, त्याची धावपट्टी जमिनीवर असते. ती किती लांब आहे ते मोजून मगच मुलाने उड्डाण करावे, आणि ते करावे जरूर.